फोटो 'गुगलवर आहेत' म्हणजे नेमके कुठे आहेत?

फोनची जागा भरल्याची सूचना आली की आपण जुने फोटो पुसायला बसतो. हात थोडा अडखळतो, पण लगेच मनाची समजूत घातली जाते: 'गुगलवर आहेतच की.' पुष्कळदा हे वाक्य अर्धेच खरे असते. पुसलेला फोटो राहतो की कायमचा जातो, हे तो कुठल्या अ‍ॅपमधून पुसला आणि त्याआधी त्याचा बॅकअप झाला होता का, यावर ठरते.

अँड्रॉइड फोनमध्ये गुगल फोटोज हे अ‍ॅप बहुधा आधीपासूनच असते. २०१५ मध्ये सुरू झालेली ही सेवा तुमच्या फोटोंची प्रत इंटरनेटवरून गुगलच्या सर्व्हरवर, म्हणजे तुमच्या गुगल खात्यात, ठेवते. गोंधळ होतो तो अ‍ॅपच्या रचनेमुळे. फोनमधले फोटो आणि खात्यात पोहोचलेले फोटो ते एकाच रांगेत दाखवते. त्यामुळे अ‍ॅपमध्ये फोटो दिसतो म्हणजे त्याचा बॅकअप झाला, असे नाही. बॅकअप बंद असला तरी फोनमधले फोटो तिथे दिसतातच. खात्री करायची तर उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा. बॅकअप सुरू आहे का, पूर्ण झाला आहे का की काही फोटो अजून बाकी आहेत, ते तिथे कळते. याहून पक्की परीक्षा म्हणजे कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्याच खात्याने गुगल फोटोज उघडणे. तिथे जे दिसते तेवढेच खरोखर वर पोहोचले आहे.

पुसण्याचे वेगवेगळे मार्ग

बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजमध्ये उघडून 'डिलीट' केला, तर तो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही. आधी तो कचरापेटीत पडतो. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, तेवढ्या काळात परत आणता येतो. नंतर मात्र तो गेला. 'फोनमधला पुसला, क्लाउडवर राहील' ही समजूत इथेच महागात पडते. फोनमधली जागा मोकळी करायची असेल, तर 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत तो काढतो, खात्यातल्या फोटोंना हात लावत नाही.

आयफोनवर आयक्लाउड फोटोज सुरू असेल तरी हाच नियम. एका उपकरणावर पुसलेला फोटो त्याच खात्याच्या आयपॅडवरून, मॅकवरून सगळीकडून जातो आणि 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये सुमारे ३० दिवस थांबतो. खरे तर या सेवांना बॅकअपपेक्षा 'सिंक' म्हणणे जास्त योग्य. इकडे केलेला बदल त्या तिकडेही पोहोचवतात, आणि त्यात पुसणेही आले.

१५ जीबीचा हिशेब

१ जून २०२१ पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो गुगलवर मोफत आणि अमर्याद ठेवता येत होते. तेव्हा ठेवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत. त्यानंतरचे मात्र १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, आणि ही जागा जीमेल व ड्राइव्हलाही मिळून आहे. आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा चॅट बॅकअपसुद्धा त्यातच मोजतात. एक फोटो सरासरी ३ एमबीचा धरला, तर सगळी जागा फोटोंना दिली तरी जेमतेम पाच हजार फोटो मावतात. शिवाय व्हिडिओ ती फार लवकर खातात. घरातल्या एका लग्नाचे व्हिडिओ पुरेसे होतात.

जागा भरली की नव्या फोटोंचा बॅकअप थांबतो, आणि त्याबरोबर जीमेलवर मेल येणे-जाणेही थांबते. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र त्याच पत्त्यावर येणार असेल, तर हे फोटोंपुरते प्रकरण राहत नाही.

दर्जाचे दोन पर्याय आहेत. 'ओरिजिनल क्वालिटी'त फोटो आहे तसा जातो. 'स्टोरेज सेव्हर'मध्ये तो दाबून लहान केला जातो: १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर येतो आणि मोठे व्हिडिओ १०८०पी वर. मोबाइलवर पाहण्यात फरक जाणवत नाही, त्यामुळे रोजच्या फोटोंना हे पुरेसे आहे. मात्र 'स्टोरेज सेव्हर'नंतर 'फ्री अप स्पेस' केले की मूळ फोटो कुठेच उरत नाही, लहान केलेलाच उरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो

अनेक घरांत आजी-आजोबांचे, बारशाचे, गणपतीचे फोटो दुसऱ्या कुणीतरी काढलेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले असतात. अँड्रॉइडवर सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप होतो. व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये जाऊन आपण सुरू करावे लागते. ते सुरू केले की 'शुभ सकाळ'चे फुलाफुलांचे फोटोही वर जाऊ लागतात, हा त्याचा त्रास. महत्त्वाचे फोटो मागवताना समोरच्याला ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसे केले की फोटो दाबला जात नाही, आणि तो कधी काढला ही नोंदही सहसा त्यात टिकते.

खाते कोणाचे, पासवर्ड कोणाकडे?

खरा धोका मला इथे जास्त वाटतो. फोन घेताना दुकानातल्या मुलाने जीमेल खाते उघडून दिले, पासवर्ड त्यानेच टाकला, तो कुठे लिहून ठेवला नाही. असे फोन घरोघरी आहेत. फोन चालू आहे तोवर काही अडत नाही. तो हरवला की फोटो सर्व्हरवर सुखरूप असतात, पण दार उघडता येत नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल, तर पासवर्ड बदलण्याचा कोडही त्या जुन्या नंबरवरच जातो, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणून आई-वडिलांच्या फोनमध्ये कोणते खाते आहे ते आज पाहा, पासवर्ड वहीत लिहा, आणि रिकव्हरीसाठी चालू नंबर व दुसरा ईमेल जोडा.

वापर नसलेल्या खात्याचेही असेच. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकते. हा नियम २०२३ मध्ये जाहीर झाला. घरातले माणूस गेले आणि त्याचे फोटो त्याच्याच खात्यात राहिले, तर मुदत सरत राहते. त्यासाठी गुगलच्या खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय आहे. खाते ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरात नसेल तर आपण नेमलेल्या माणसांना कळवले जाते, आणि आपण निवडलेला मजकूर, उदाहरणार्थ फोटो, त्यांना उतरवून घेता येतो. अशी १० माणसे नेमता येतात. ही सोय माणूस हयात असतानाच आणि त्याने स्वतः सुरू करायची असते.

घरातली दुसरी प्रत

खाते बंद पडले, हॅक झाले किंवा चुकून सगळे पुसले गेले तर उपयोगी पडते ती क्लाउडबाहेरची प्रत. 'गुगल टेकआउट'वरून सगळे फोटो झिप फाइलच्या स्वरूपात मागवता येतात. तयार झाल्यावर मेलवर लिंक येते, ती साधारण आठवडाभर चालते. झिप फाइल कॉम्प्युटरवर उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. त्यात फोटोंसोबत 'जेसन' नावाच्या छोट्या फाइल दिसतील. फोटोंच्या तारखा आणि तुम्ही लिहिलेली वर्णने त्यांत असतात, तेव्हा कचरा समजून त्या काढून टाकू नका.