नाणेघाटाची चौकी आणि प्लगइन

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्यापुढे गेलं की नाणेघाटाची वाट लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. परका व्यापारी हवा होता, पण चौकीवरून आलेला.

इंटरनेटपुढे हाच प्रश्न १९९५-९६ च्या सुमारास उभा राहिला. नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये प्लगइन आले. प्लगइन म्हणजे बाहेरच्याने लिहिलेला जोडभाग. मूळ प्रोग्राम न बदलता त्याने नवी सोय मिळते. पण या परक्यावर भरवसा किती ठेवायचा? जावाने परक्या प्रोग्रामला कुंपणात ठेवलं, त्याला तुमच्या फायलींना हात लावू दिला नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्सने लिहिणाऱ्याची डिजिटल सही दाखवून तुम्हाला विचारलं. एकदा 'हो' म्हटलं की तो संगणकावर तुमच्याइतकाच मोकळा. सही कोण आलं ते सांगते, आत येऊन तो काय करील ते सांगत नाही.

२००७ मध्ये फेसबुकने बाहेरच्यांच्या ॲपना दार उघडलं. पुढे स्वभावचाचणीचं एक ॲप आलं. ते घेणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती त्याला मिळत होती. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये गाजलं, तेव्हा फेसबुकने भारताचे आकडे दिले: ॲप घेणारे फक्त ३३५, माहिती गेली असण्याची शक्यता असलेले एकूण ५,६२,४५५. म्हणजे पाच लाखांहून अधिक लोकांना कुणी विचारलंच नव्हतं.

इथे कुलूप फोडून कुणी शिरलं नव्हतं. दार नियमानेच उघडं होतं, नियमच चुकीचा होता.

उद्या शहापूर-मुरबाडच्या एखाद्या मुलीने भाताच्या खरेदीची किंवा शाळेची वेबसाइट बांधली, तर तिने जोडभागांना जरूर जागा द्यावी. गावाच्या गरजा तिच्या एकटीच्या डोक्यात मावणार नाहीत. मात्र प्रत्येक जोडभागाला वेगळी खोली, कामापुरतीच माहिती आणि परत घेता येईल अशी परवानगी द्यावी. आणि एकाच्या होकारावर दुसऱ्याची माहिती कधीच देऊ नये. आपल्या मराठीतला 'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. लोकांची माहिती अशीच असते: ती सांभाळायची असते, वाटायची नसते.