फिरत्या घरातील घटमाला
फिरत्या घरातील घटमाला : ज्या मोटारगाडीत झोपणे, स्वयंपाक, स्नान इत्यादींची कायम सोय केलेली असते तिला फिरते घर किंवा मोटारहोम म्हणतात. अशा गाडीत सामान्यतः दोन स्वतंत्र घटमाला असतात. एक एंजिन सुरू करण्यासाठी असते. ती काही सेकंद फार मोठा विद्युत् प्रवाह देते आणि गाडी चालू लागताच पुन्हा भारित होते. दुसरी गृहोपयोगी घटमाला होय. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, शीतकपाट यांना ती तासन् तास थोडाथोडा प्रवाह पुरविते व छपरावरील सौर पॅनेलांकडून दिवसा भरून घेतली जाते. वस्तीपासून दूर मुक्काम असताना ही घटमाला निकामी झाली, तर पाणी, अन्न व औषधे यांची सोय एकदमच कोलमडते. शिवाय ती पुष्कळदा माणसे झोपतात त्याच जागेत बसविलेली असते. म्हणून तिची निगा हा केवळ सोयीचा प्रश्न नसून सुरक्षिततेचाही आहे. प्रस्तुत नोंदीत या निगेच्या पद्धती कशा बदलत गेल्या, याचा आढावा घेतला आहे. [→ विद्युत् घट].

शिसे-अम्ल घटमालेचा काळ : फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या संयुगांचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून त्याच्या निर्मितीचा वेग व धारकता वाढविली. दुसऱ्या महायुद्धानंतर फिरती घरे लोकप्रिय झाली. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगन गाड्यांत अशी सोय करून देण्यास प्रारंभ केला, तर अमेरिकेत आयोवा राज्यातील विनेबेगो कंपनीने १९६६ मध्ये मोटारहोमचे उत्पादन सुरू केले. या गाड्यांतील १२ व्होल्टची घटमाला सहा शिसे-अम्ल घटांची असे.

तिची निगा सर्वस्वी मालकाच्या हाती होती. विद्युत् विच्छेद्याची पातळी पाहून ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे, द्रवाची घनता मापून भारणाचा अंदाज घ्यावा लागे आणि बाहेर पडणाऱ्या हायड्रोजनासाठी वायुवीजन ठेवावे लागे. निम्म्याहून अधिक विसर्जन वारंवार केल्यास घटमालेचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धीच धारकता उपयोगी पडे. अपुरी भारित घटमाला दीर्घ काळ तशीच राहिल्यास पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात व धारकता कायमची कमी होते. पुढे जेलयुक्त (१९५७) आणि काचतंतूंच्या चटईत अम्ल शोषून ठेवणारे (१९७२) बंदिस्त प्रकार पुढे आले. त्यांमुळे पाणी घालण्याचे काम संपले, पण सल्फेटाचा दोष टळला नाही.

सौर पॅनेलांची जोड : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी सिलिकॉनाचा सौर विद्युत् घट जाहीर केला. त्याची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. प्रारंभी तो इतका महाग होता की, त्याचा मुख्य उपयोग कृत्रिम उपग्रहांतच झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर जमिनीवरील उपयोगांना चालना मिळाली आणि किंमती उतरत गेल्यावर पॅनेले गाड्यांच्या छपरांवर पोहोचली.

येथे एक विसंगती स्पष्ट झाली. शिसे-अम्ल घट पूर्ण भारित होण्यासाठी अखेरच्या टप्प्यात कित्येक तास अल्प प्रवाह द्यावा लागतो. सूर्यप्रकाश मात्र तेवढा वेळ टिकत नाही. ढगाळ हवेत किंवा उच्च अक्षांशांवरील हिवाळ्यात घटमाला दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहते, आणि अर्धवट स्थिती हीच तिला सर्वांत हानिकारक असते. लिथियम घटाला अशी अपूर्ण स्थिती बाधत नाही. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या फिरत्या घरात त्याने जुन्या घटाची जागा घेतली, यामागे कमी वजनाइतकेच हेही महत्त्वाचे कारण आहे.

लिथियम घटाचा विकास : स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेतील एक्सॉन कंपनीत असताना टायटॅनियम डायसल्फाइडाच्या अग्राचा पुनर्भारणक्षम लिथियम घट १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्ड येथे १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडाचे धन अग्र सुचविले. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी त्याला कार्बनयुक्त ऋण अग्राची जोड दिली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान धातुरूप लिथियम वापरणाऱ्या घटांना आगी लागल्यामुळे कॅनडातील मोली एनर्जी कंपनीला १९८९ मध्ये आपले घट परत मागवावे लागले होते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने धातुरूप लिथियम टाळणारा लिथियम-आयन घट बाजारात आणला.

फिरत्या घरांच्या दृष्टीने निर्णायक शोध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. टेक्सस विद्यापीठात पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट हे धन अग्राचे द्रव्य म्हणून उपयोगी पडते, असे दाखविले. यात फॉस्फरस व ऑक्सिजन यांचा बंध बळकट असल्याने घट तापला तरी ऑक्सिजन सहजासहजी मुक्त होत नाही. त्यामुळे अनियंत्रित तापवाढीचा धोका कोबाल्ट ऑक्साइडाच्या घटापेक्षा पुष्कळ कमी असतो. जानेवारी २०१३ मध्ये दोन बोइंग ७८७ विमानांतील कोबाल्ट ऑक्साइडाच्या घटमाला तापून बिघडल्याने त्या जातीच्या सर्व विमानांची उड्डाणे थांबवावी लागली. ‘लिथियम घट’ या एकाच नावाखाली भिन्न गुणधर्मांची द्रव्ये येतात, हे त्या घटनेने सामान्य वाचकाच्याही लक्षात आले. फॉस्फेट घटही सर्वस्वी निर्धोक नाही. फुटल्यास किंवा अतिभारित झाल्यास त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात.

निगेचे बदललेले स्वरूप : १०० अँपिअर-तासांच्या शिसे-अम्ल घटमालेचे वजन सु. २५ ते ३० किग्रॅ. असते, तेवढ्याच धारकतेची फॉस्फेट घटमाला सु. १० ते १४ किग्रॅ. भरते आणि तिची ८० टक्के किंवा अधिक धारकता नित्य वापरता येते. चार घट एकसरीत जोडून १२.८ व्होल्ट मिळतात. प्रत्येक घटाचा दाब साधारणपणे २.५ व ३.६५ व्होल्ट या मर्यादांत राहावा लागतो. ही मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून घटमालेत एक इलेक्ट्रॉनीय नियंत्रण मंडल असते. ते प्रत्येक घटाचा दाब, प्रवाह व तापमान मोजते, घटांतील तफावत कमी करते आणि प्रसंगी घटमाला पूर्णपणे तोडते.

यामुळे मालकाचे काम संपले असे नाही. त्याचे स्वरूप पालटले. शिसे-अम्ल घटमालेचा विद्युत् दाब विसर्जनाबरोबर क्रमाने उतरतो, म्हणून व्होल्टमापकावरून शिल्लक कळे. फॉस्फेट घटाचा दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो व शेवटी एकदम कोसळतो. म्हणून आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या अँपिअर-तासांचा जमाखर्च ठेवणारा मापक लागतो. हा मापक हळूहळू चुकत जातो आणि घटमाला अधूनमधून पूर्ण भरूनच तो जुळवून घ्यावा लागतो. उदा., १२.८ व्होल्टच्या २०० अँपिअर-तास घटमालेत २,५६० वॉट-तास साठतात. रोजचा खर्च १,००० वॉट-तास धरल्यास सूर्यदर्शन न होताही सु. दोन दिवस निभावतात. तिसऱ्या दिवशी ऊन पडेल की नाही, याचा विचार मात्र नियंत्रण मंडल करीत नाही.

दुसरी दक्षता तापमानाची. ० से. खाली भारण केल्यास लिथियम ग्रॅफाइटात शिरण्याऐवजी धातुरूपाने पृष्ठभागावर साचते व हानी कायमची होते. विसर्जन मात्र त्याखालीही चालते. म्हणून थंड प्रदेशांत घटमाला गाडीच्या उबदार भागात ठेवतात किंवा तिला तापक जोडतात. अतिउष्णतेनेही आयुष्य घटते. गाडी दीर्घ काळ उभी राहणार असल्यास घटमाला सु. निम्मी भरून ठेवणे हितावह असते. शिसे-अम्ल घटमाला पूर्ण भरूनच ठेवावी, या जुन्या नियमाच्या हे नेमके उलट आहे.

तिसरी दक्षता जुन्या साधनसामग्रीची. शिसे-अम्ल घटमालेच्या भारकांतील १५ व्होल्टच्या वरचा समीकरणाचा टप्पा फॉस्फेट घटांना घातक ठरतो. या घटांचा अंतर्गत रोध अल्प असल्याने ते एंजिनावरील विद्युत् जनित्रातून इतका प्रवाह खेचतात की, एंजिन मंद गतीने चालू असताना जनित्र तापून जळू शकते. भारण चालू असताना नियंत्रण मंडलाने घटमाला अचानक तोडली, तर उसळणाऱ्या दाबाने जनित्रातील डायोड निकामी होतात. यावर उपाय म्हणून जनित्र व घटमाला यांमध्ये प्रवाह मर्यादित करणारा एकदिश भारक बसवितात. घटमाला तुटणे ही अखेरची संरक्षक कृती होय. भारकांच्या मर्यादा अशा ठरवाव्यात की ती वेळ सहसा येऊ नये.

नियमन व भारतातील स्थिती : प्रारंभीच्या काळात अनेक हौशी मालकांनी सुटे घट जुळवून घटमाला बनविल्या व पुढे तयार घटमाला सर्वत्र मिळू लागल्या. पाठोपाठ नियमही आले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या २०२२ च्या संयुक्त मानकाने लिथियम घटमाला राहत्या जागेपासून विलग ठेवण्याविषयी अटी घातल्या. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. आपल्याकडे हिमालयीन प्रदेश वगळता गोठणबिंदूपेक्षा उन्हाळ्यातील तापमान हीच मोठी अडचण आहे. बंद गाडीत, छपराखाली वा एंजिनाजवळ घटमाला ठेवणे टाळावे आणि तिच्याभोवती हवा खेळती राहील असे पाहावे. साधने बदलली, तरी किती साठले, किती खर्चले व उद्या किती मिळेल याचा हिशेब प्रवाशालाच ठेवावा लागतो.