तारापूर अणुवीज केंद्रातील राखीव वीजपुरवठा
अणुकेंद्रीय विक्रियक बंद केल्यावरही किरणोत्सर्गी क्षयामुळे इंधनात उष्णता निर्माण होतच राहते. ती वाहून नेणाऱ्या पंपांना बाहेरील वीज न मिळाल्यास डीझेल जनित्रे व विद्युत् घटमाला यांचाच आधार असतो. तारापूरचे (जि. पालघर) पहिले दोन विक्रियक १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा यांतील बरीच सामग्री दोहोंस सामाईक होती, आजच्या निकषांनुसार ही मोठीच उणीव होय.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. नरोरा (उत्तर प्रदेश) येथे ३१ मार्च १९९३ रोजी टरबाइनाची पाती तुटून आग लागली. ती केबलींतून पसरल्याने, जनित्रे असूनही, केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. डीझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडून अनर्थ टाळण्यात आला. जनित्रे किती, यापेक्षा त्यांच्या केबली एकमेकींपासून कितपत अलग आहेत, हा प्रश्न येथे ऐरणीवर आला.

तारापूरच्या सुरक्षिततेचे पुनर्विलोकन झाल्यावर २००५-०६ मध्ये विक्रियक बंद ठेवून अधिक क्षमतेची तीन जनित्रे बसविण्यात आली व दोहोंचा पुरवठा विभक्त करण्यात आला. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीच्या पाण्याने जनित्रे निकामी केली. तेथील विक्रियकही तारापूरप्रमाणे उकळत्या पाण्याच्या प्रकारचे असल्याने भारतात फेरतपासणी झाली आणि वीज पूर्णतः गेल्यास बाहेरून पाणी सोडण्यासाठी जोडण्या करण्यात आल्या.