आद्य डायनोसॉरची ओळख पटविणारी कवटी

अर्जेंटिनाच्या वायव्य भागात, सान हुआन प्रांतात इस्चिगुआलास्तो नावाचे एक उजाड खोरे आहे. वाऱ्यापाण्याने झिजलेल्या करड्या टेकड्यांमुळे त्याला 'चंद्राची दरी' असेही म्हटले जाते. शेजारच्या तालाम्पाया उद्यानासह २००० साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. आज ज्ञात असलेल्या सर्वांत प्राचीन डायनोसॉरांपैकी अनेकांचे अवशेष याच खोऱ्यात सापडले आहेत. ज्वालामुखीच्या राखेच्या थरांवरून येथील खडकांचे वय सुमारे २३ कोटी १४ लाख ते २२ कोटी ५९ लाख वर्षे ठरविण्यात आले आहे. हा ट्रायासिक कालखंडाचा उत्तरार्ध होय.

डायनोसॉर म्हटले की डोळ्यांसमोर अजस्र प्राणी उभा राहतो. परंतु या वंशाचे आरंभीचे प्रतिनिधी बहुधा लहान, हलक्या अंगाचे आणि दोन पायांवर धावणारे होते. पुढे ज्यांच्या कुळात लांब मानेचे महाकाय शाकाहारी जन्मले ते, आणि ज्यांच्या कुळात टायरॅनोसॉरस व पक्षी जन्मले तेही, त्या काळी दिसण्यात जवळपास सारखेच होते. चुलत भावंडांसारखे हे प्राणी वेगळे ओळखायचे कसे, हा पुराजीवशास्त्रातील जुना पेच आहे. त्याचे उत्तर शोधताना अभ्यासकांची नजर पुन्हा पुन्हा कवटीकडे वळते.

डायनोसॉरची कवटी म्हणजे एकसंध हाड नव्हे. अनेक लहानमोठ्या हाडांची ती सांधणी असते आणि तिच्या प्रत्येक बाजूला मोठी छिद्रे असतात. पुढे नाकपुडी, मग डोळ्याच्या पुढचे एक छिद्र, त्यामागे डोळ्याची खोबण आणि सर्वांत मागे जबड्याच्या स्नायूंसाठीची दोन छिद्रे. यांपैकी कोणते केवढे, त्यांच्या कडा कोणत्या हाडांनी बनल्या आहेत, दात कोठून सुरू होतात, ते पात्यासारखे आहेत की पानासारखे, अशा शेकडो बारकाव्यांची नोंद घेतली जाते. प्राणी मोठा होता की लहान याला त्या मानाने फारसे महत्त्व नसते. उलट, लहान आकार आणि मोठे डोळे हे पिलाचेही लक्षण असू शकते. म्हणून कवटीच्या हाडांमधील सांधे कितपत जुळले आहेत, हे पाहिल्याविना नव्या प्रजातीची घोषणा करणे धोक्याचे ठरते.

कवटीवाचून काय अडते, याचे उदाहरण याच खोऱ्यात आहे. शेळ्या राखणारे व्हिक्टोरिनो हेरेरा यांना येथे काही हाडे आढळली. १९६३ मध्ये ओस्वाल्डो रेग यांनी त्या प्राण्याला 'हेरेरासॉरस' हे नाव दिले. पण कवटी नीट हाती नसल्याने तो डायनोसॉरच्या कोणत्या शाखेत बसतो, की मुळात डायनोसॉरच नाही, यावर पाव शतक वाद चालला. १९८८ मध्ये शिकागो विद्यापीठाचे पॉल सेरेनो आणि त्यांच्या अर्जेंटिनी सहकाऱ्यांना संपूर्ण कवटी मिळाली. तिच्या खालच्या जबड्याच्या मध्यावर एक सरकता सांधा होता. धडपडणारी शिकार घट्ट धरून ठेवण्यास उपयोगी पडणारी ही रचना थेरोपॉड या मांसाहारी गटात आढळते. वाद पूर्णपणे मिटला नाही, पण त्याला ठोस पाया मिळाला.

तीनच वर्षांनी, १९९१ मध्ये, रिकार्डो मार्तिनेझ यांना याच दरीत जेमतेम एक मीटर लांबीच्या प्राण्याचा सांगाडा गवसला. कवटी जवळजवळ अखंड होती. १९९३ मध्ये सेरेनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात त्याचे 'इओरॅप्टर ल्युनेन्सिस', म्हणजे 'चंद्राच्या दरीतील पहाटेचा लुटारू', असे नामकरण केले. या लुटारूच्या जबड्यात मात्र गोंधळात टाकणारा ऐवज होता. मागचे दात वाकडे आणि करवतीसारख्या कडांचे, तर पुढचे पानाच्या आकाराचे. हेरेरासॉरसच्या जबड्यातील सरकता सांधा त्याच्यात नव्हता. तरीही प्रामुख्याने तीनच बोटे कामाची असलेला हात पाहून संशोधकांनी त्याला मांसाहारी शाखेच्या बुंध्याशी बसविले. पाठ्यपुस्तकांनी आणि वस्तुसंग्रहालयांनी हा निर्णय उचलून धरला.

१९९६ मध्ये जिम मर्फी या स्वयंसेवकाला त्याच परिसरात आणखी एक सांगाडा दिसला. प्रथमदर्शनी तो इओरॅप्टरचाच दुसरा नमुना वाटला. हाडांवरील खडक कणाकणाने दूर करण्याचे काम पुढे सरकले तसतसे हे मत टिकेना. या प्राण्याचे वरच्या जबड्यातील दात लांब, वाकडे आणि पात्यासारखे होते. पानासारखा एकही नाही. डोळ्यापुढील खळग्याच्या टोकाशी एक अगदी लहान जादा छिद्र होते, जे थेरोपॉडांची खूण मानले जाते. जानेवारी २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मार्तिनेझ, सेरेनो आणि सहकाऱ्यांनी 'इओड्रोमियस मर्फी' ही नवी प्रजाती जाहीर केली. तिची लांबी सुमारे सव्वा मीटर आणि वजन पाच किलोच्या आसपास होते.

नव्या पाहुण्याने जुन्या यजमानाची जागा हलविली. इओड्रोमियसशी ताडून पाहिल्यावर इओरॅप्टरची कवटी निराळेच काही सांगू लागली. त्याची नाकपुडी मोठी होती आणि खालच्या जबड्यातील पहिला दात टोकापासून थोडा मागे सरकलेला होता. हातातील अंगठ्याच्या हाडाला असलेला पीळही लक्षणीय होता. ही सारी चिन्हे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या पूर्वजांत, म्हणजे सॉरोपोडोमॉर्फ गटात, दिसतात. ज्या संशोधकांनी अठरा वर्षांपूर्वी इओरॅप्टरला मांसाहाऱ्यांचा पूर्वज ठरविले होते, त्यांनीच आता त्याला दुसऱ्या शाखेत हलविले. नाव मात्र 'लुटारू'च राहिले. नामकरणाच्या नियमांनुसार स्वभाव बदलला म्हणून नाव बदलत नाही.

हा केवळ नावनिशीचा प्रश्न नव्हे. इओरॅप्टर शाकाहारी शाखेच्या मुळाशी असेल, तर महाकाय सॉरोपॉडांचे पूर्वज छोटे, मिश्राहारी आणि चपळ होते असे मानावे लागते. शिवाय डायनोसॉरच्या मुख्य शाखा २३ कोटी वर्षांपूर्वीच फुटलेल्या होत्या, असाही निष्कर्ष निघतो. पुढे २०१७ मध्ये मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी संपूर्ण वंशवृक्षाचीच फेरमांडणी सुचविली. त्याच वर्षी मॅक्स लँगर व इतरांनी त्यांच्या नोंदी तपासून, दुरुस्त करून पुन्हा गणित मांडले, तेव्हा जुनाच वृक्ष उभा राहिला, पण तोही डळमळीत आधारावर. दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहता, एका छिद्राची वा एका दाताची नोंद बदलली तरी फांदी कशी हलते, हे ध्यानात येते.

भारतातही असाच एक पेच आहे. गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणाऱ्या प्राणहितेचे आणि गोदावरीचे खोरे ट्रायासिक जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या तेलंगणातील भागात, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात, मालेरी खडकसमूहात मिळालेल्या हाडांवरून शंकर चॅटर्जी यांनी १९८७ मध्ये 'वॉकेरिया मालेरिएन्सिस' ही प्रजाती वर्णिली. हे नाव एका जलचर प्राण्याला आधीच दिलेले निघाल्याने १९९४ मध्ये ते 'अल्वॉकेरिया' करावे लागले. कवटीचा हाती असलेला भाग म्हणजे जबड्यांचे सुमारे चार सेंटिमीटरचे टोक. त्यातील दातांची विविधता इओरॅप्टरची आठवण करून देते. परंतु सोबतची काही हाडे निराळ्याच प्राण्यांची असावीत, असे नंतरच्या तपासणीत दिसून आले. मालेरीच्याच वरच्या थरांतील 'मालेरीरॅप्टर कुट्टी' ही प्रजाती २०२५ मध्ये जाहीर झाली. हेरेरासॉरसच्या नात्यातील हा प्राणी कमरेच्या हाडांवरून आणि मणक्यांवरून ओळखला गेला. त्याची कवटी अद्याप मिळालेली नाही.