संसाराच्या वैद्यांची पाठशाळा

नवराबायकोंची भांडणें मिटविण्याचें काम जगांत कोठेंच अडून राहिलेलें नाहीं. आपल्याकडे तें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं आणि गांवच्या पंचांनीं केलें. अमेरिकेंत तें पाद्र्यांनीं व घरच्या डॉक्टरांनीं केलें. ह्यांपैकीं कोणीहि त्यासाठीं शाळेंत गेला नव्हता. मग ह्या कामासाठीं विद्यापीठांत दोन-तीन वर्षें शिकावें, परीक्षा द्यावी आणि सरकारचा परवाना घ्यावा, ही कल्पना आली कोठून ? श्रोतेहो, ह्याचें उत्तर अमेरिकेच्या गेल्या शतकाच्या इतिहासांत आहे, आणि तें दिसतें तितकें सरळ नाहीं.

१९३० च्या आसपास तेथें विवाहाविषयीं सल्ला देणाऱ्या पहिल्या संस्था निघाल्या. न्यूयॉर्कमध्यें अब्राहम व हॅना स्टोन ह्या डॉक्टर दांपत्यानें हें काम आरंभिलें. हेच अब्राहम स्टोन पुढें १९५१ सालीं कुटुंबनियोजनाच्या कामासाठीं भारतांत आले होते. १९३० सालीं लॉस एंजेलिस येथें पॉल पोपेनो ह्यांनीं आपली संस्था उघडली, आणि १९३२ सालीं फिलाडेल्फियांत एमिली मड ह्यांनीं. पोपेनो हे मूळचे खजुराच्या लागवडीचे जाणकार. एमिलीबाई उद्यानरचना शिकलेल्या! बाईंनीं अनुभवानें व अभ्यासानें मोठी योग्यता मिळविली. परंतु पोपेनो ह्यांची गोष्ट निराळी होती. ‘हीन’ ठरविलेल्या माणसांना सक्तीनें निर्बीज करावें, ह्या मताचे ते पुरस्कर्ते होते. सुप्रजेच्या हव्यासांतूनच ते विवाहाच्या प्रश्नाकडे वळले. दुसऱ्याच्या संसारांत हात घालणारा हा मनुष्य कोणास जबाबदार होता ? कोणासच नाहीं. १९४२ सालीं ह्या सल्लागारांचा संघ स्थापन झाला, तेव्हां त्याच्यापुढें हाच प्रश्न उभा होता.

पुढच्या दशकांत विचारालाच निराळें वळण लागलें. मरे बोवेन ह्यांनीं १९५४ पासून वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संशोधन-रुग्णालयांत मनोरुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाहि राहावयास आणलें. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत ग्रेगरी बेटसन व त्यांचे सहकारी ह्यांनीं असें मांडलें कीं, घरांतल्या परस्परविरोधी बोलण्याच्या कोंडींत मनुष्य सांपडला म्हणजे त्याचें मन बिघडतें. स्किझोफ्रेनियाचें हें कारण पुढें टिकलें नाहीं, आणि त्यापायीं कित्येक मातांना नाहक दोष सोसावा लागला. परंतु एक दृष्टि मात्र टिकली. नवरा पाहूं नका, बायको पाहूं नका. त्या दोघांमधला व्यवहार पाहा. १९६२ सालीं ह्या विषयाला वाहिलेलें ‘फॅमिली प्रोसेस’ हें नियतकालिक निघालें.

आतां हें पाहावयास शिकवावें कसें ? वाचून तें येत नाहीं. म्हणून एका बाजूनेंच आरपार दिसणाऱ्या आरशामागें गुरु बसूं लागला. आंत शिष्य कुटुंबाशीं बोलत असे. तो चुकला कीं गुरु टेलिफोननें सूचना देई. कुटुंबाला हें आधींच सांगितलेलें असे. बोवेन ह्यांची रीत ह्याहून कठीण होती. शिष्यानें आधीं स्वतःच्या घराच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढावा, आपल्या आईबापांशीं आपण कसे वागतों तें तपासावें. नाहीं तर तो दुसऱ्याच्या घरांत स्वतःचेंच भांडण भांडत बसेल.

फिलाडेल्फियांत साल्वादोर मिनूचिन ह्यांनीं १९६५ नंतर बालकांच्या एका चिकित्सालयाची सूत्रें घेतलीं. तेथें त्यांनीं व जे हेली ह्यांनीं गरीब वस्त्यांतल्या, पदवी नसलेल्या माणसांना हें काम शिकविलें. प्रत्येक भेट गुरूच्या डोळ्यांसमोर होई. चांगली देखरेख असेल तर पदवीवांचून अडत नाहीं, असा त्यांचा अनुभव होता.

परंतु कायदा दुसऱ्याच वाटेनें गेला. १९६३ सालीं कॅलिफोर्नियानें परवाना सुरू केला. २००९ पर्यंत पन्नासहि राज्यांत तो लागू झाला. आज तेथें पदव्युत्तर पदवी लागते, आणि एकट्या कॅलिफोर्नियांत देखरेखीखालचे तीन हजार तास भरावे लागतात. ह्यामुळें भोंदूंस आळा बसला हें खरें. पण मिनूचिन ह्यांच्या वस्तींतल्या शिष्यांसारख्यांना दारहि बंद झालें.

शिवाय पदवीनें डोळे आपोआप उघडत नाहींत. १९७८ सालीं रेचल हेअर-मस्टिन ह्या विदुषीनें दाखवून दिलें कीं, घरांतील सत्तेचें वाटप विषम असतांना चिकित्सकानें तें स्वाभाविक मानलें, तर तो न कळत स्त्रीच्या विरुद्ध उभा राहतो. दोघांत समान वांटणारा न्याय हा नेहमींच न्याय नसतो. ही टीका पुढें अभ्यासक्रमाचाच भाग झाली.

आपल्याकडे १९८४ च्या कुटुंब-न्यायालयांच्या कायद्यानें समुपदेशकांची तरतूद केली. म्हणून हा इतिहास आपल्यालाहि परका नाहीं. त्यांतला बोध माझ्या मतें असा आहे. शहाणपण पंचांजवळहि होतें आणि पाद्र्यांजवळहि होतें. त्यांच्याजवळ नव्हता तो आरशामागचा दुसरा डोळा. सल्ला देणाऱ्यालाहि कोणीतरी पाहत आहे, तोहि चुकूं शकतो आणि त्याला विचारणारा कोणी आहे, एवढें ज्या शिक्षणानें साधलें, तें शिक्षण सार्थ झालें. एवढें ज्यानें साधलें नाहीं, त्याची पदवी भिंतीवर टांगण्यापुरतीच.