पाळीव कुत्री-मांजरे : नेहमीचे आजार आणि हाती असलेले तास

भारतातील पशुवैद्यकीय व्यवस्थेची उभारणी गाय-बैल, म्हशी आणि घोडे डोळ्यांसमोर ठेवून झाली. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वर व इज्जतनगर येथे गेलेली प्रयोगशाळा म्हणजे आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. तिच्यापुढील आरंभीचा मोठा प्रश्न गुरांच्या बुळकांडी रोगाचा होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापासून १९६२ या क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पथकांपर्यंत ही व्यवस्था आजही प्रामुख्याने पशुधनासाठी चालते. कुत्र्या-मांजरांवरील उपचार मोठ्या शहरांतील खासगी चिकित्सालये आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये यांच्याभोवती एकवटले आहेत. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा समूहाच्या न्यासांच्या रुग्णालयासारख्या अद्ययावत सोयी मोजक्याच ठिकाणी आहेत.

या विषमतेमुळे लहान शहरांतील प्राणीपालक डॉक्टरांकडे जाण्याआधी औषधाच्या दुकानात किंवा शेजाऱ्याकडे चौकशी करतो. तेवढ्यात एक-दोन दिवस जातात. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या आजारांपैकी अनेकांचा निकाल याच एक-दोन दिवसांत लागतो.

पिल्लांच्या बाबतीत सर्वांत धास्तीचे नाव पार्व्हो. मांजरांमधील पॅनल्यूकोपेनिया या रोगाच्या विषाणूशी जवळचे नाते असलेला हा विषाणू १९७८ च्या सुमारास कुत्र्यांमध्ये आढळला आणि अल्पावधीत जगभर पसरला. दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना त्याचा धोका अधिक. पिल्लू प्रथम मलूल होते, खाणे सोडते, नंतर उलट्या आणि दुर्गंधीयुक्त रक्ताळ जुलाब सुरू होतात. आतड्याचे अस्तर नष्ट झाल्याने शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि पांढऱ्या पेशीही घटतात. उपचारांचा मुख्य भाग शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारी औषधे आणि जिवाणूंचा दुय्यम संसर्ग रोखणारी प्रतिजैविके हा असतो. उपचार वेळेवर मिळाल्यास बहुसंख्य पिल्ले वाचतात. उलट्या थांबत नसताना तोंडातून साखर-मिठाचे पाणी पाजत राहिल्याने मात्र काही साधत नाही, कारण ते पोटात टिकतच नाही.

लस घेतलेल्या पिल्लालाही पार्व्हो झाल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुधा लशीचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात. ती हळूहळू कमी होत जातात, आणि मधल्या काही आठवड्यांत अशी स्थिती येते की उरलेली प्रतिपिंडे लशीला निष्प्रभ करण्याइतकी सबळ, पण खऱ्या विषाणूला अडवण्यास अपुरी असतात. हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळा असतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लस दिली जाते आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देणे आवश्यक मानले जाते. बाजारात महिनाभराचे पिल्लू विकत घेऊन दोन इंजेक्शने झाली की 'लसीकरण झाले' असे समजणारे पालक नेमके या शेवटच्या मात्रेला मुकतात. मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडू नये.

हा विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने तग धरतो. फिनाईलने फरशी पुसून तो जात नाही. विष्ठा पूर्ण काढून जागा धुतल्यावर एका भागाला तीस भाग पाणी मिसळलेले घरगुती ब्लीच दहा मिनिटे राहू दिल्यास तो नष्ट होतो. पार्व्होने पिल्लू दगावलेल्या घरात लगेच दुसरे लस न दिलेले पिल्लू आणणे म्हणजे त्याच विषाणूच्या स्वाधीन करणे होय.

पिल्लांच्या लशीत डिस्टेंपरचाही समावेश असतो. नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, ताप, खोकला आणि पुढे झटके किंवा एखाद्या पायाची सतत थरथर अशी त्याची वाटचाल असते. मज्जासंस्थेपर्यंत पोहोचलेला डिस्टेंपर क्वचितच पूर्ण बरा होतो. तो पाळीव प्राण्यांपुरता मर्यादितही नाही. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये सिंहांचे मृत्यू झाले, तेव्हा त्यांपैकी काहींमध्ये हाच विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. पावसाळी पाणी साचणाऱ्या भागांत लेप्टोस्पायरोसिसची लस महत्त्वाची ठरते. मुंबई, कोकण, गोवा आणि केरळ येथील पालकांना हे नाव माणसांच्या साथींमुळे परिचित आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो, यकृत आणि मूत्रपिंडांवर आघात करतो आणि आजारी कुत्र्याच्या मूत्रातून घरातील माणसांपर्यंत येऊ शकतो. या लशीचे संरक्षण अल्पकाळ टिकते, त्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते.

रेबीजची गोष्ट वेगळी आहे. लक्षणे दिसू लागल्यावर तो माणसात आणि प्राण्यात जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पाळीव कुत्रा किंवा मांजर तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस आणि त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे वर्धक मात्रा, हा नियम घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही लागू आहे. लसीकरण झालेल्या प्राण्याला अनोळखी कुत्रा चावल्यास त्यालाही पुन्हा लस द्यावी लागते. माणसाला चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे ही पहिली कृती होय. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चावणारा पाळीव प्राणी दहा दिवस निरोगी राहिला, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानले जाते. मात्र या दहा दिवसांच्या प्रतीक्षेत माणसाचे लसीकरण थांबवून ठेवायचे नसते. केंद्र सरकारने कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या रेबीजच्या उच्चाटनासाठी २०३० हे लक्ष्य ठरवले आहे. कुत्र्यांचे व्यापक लसीकरण केल्यास माणसांचे मृत्यू थांबवता येतात, हे गोव्यातील मोहिमेने दाखवले आहे.

प्रौढ कुत्र्यांत भारतात सर्वाधिक त्रास देणारा शत्रू आकाराने वाटाण्याहून लहान आहे. तपकिरी गोचीड उष्ण हवामानात वर्षभर टिकते आणि तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया यांसारखे रोगकारक रक्तात उतरतात. याला सर्रास 'टिक फिव्हर' म्हटले जाते. ताप, खाण्याची अनिच्छा, फिकट हिरड्या ही लक्षणे इतकी सर्वसामान्य आहेत की उन्हाचा त्रास समजून सोडून दिली जातात. बिंबाणू कमी झाल्यास नाकातून रक्त येणे किंवा पोटाच्या त्वचेवर लाल ठिपके दिसणे हा पुढचा टप्पा. बबेसियामध्ये लघवी गडद, चहाच्या रंगाची होऊ शकते. रक्ताची तपासणी करूनच नेमका रोगकारक ठरवावा लागतो, कारण दोघांची औषधे भिन्न आहेत.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन प्रभावी आहे, पण ते साधारण चार आठवडे द्यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा पूर्ववत खाऊ-खेळू लागतो आणि गोळ्या बंद होतात. आजार मात्र दडून राहतो. कित्येक महिन्यांनी अस्थिमज्जा निकामी होऊ लागल्यावर तो पुन्हा प्रकटतो, तेव्हा उपचारांना फारसा वाव उरलेला नसतो. गोचिडांचा बंदोबस्तही केवळ कुत्र्याच्या अंगावर करून भागत नाही. गोचीड आयुष्याचा बराच काळ भिंतींच्या भेगांत, दारांच्या चौकटींमागे आणि अंथरुणाखाली घालवते आणि एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. रॉकेल चोळण्याची जुनी पद्धत कातडी भाजते आणि कुत्र्याने अंग चाटले की विषबाधा करते.

गोचिडांवरील औषधांचा विषय निघाला की मांजरांकडे वळावे लागते. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांमध्ये आणि पावडरींमध्ये परमेथ्रिन असते. कुत्रा ते सहज सहन करतो, मांजराला मात्र त्यामुळे कंप आणि झटके येतात आणि ते दगावू शकते. मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे, हे पशुवैद्यकशास्त्रातील पहिले पाठ्यसूत्र घरोघरी पोहोचलेले नाही. पॅरासिटामॉलची कथा याहून दुःखद आहे. माणसाच्या तापावर घरात सदैव असणारी ही गोळी मांजराचे यकृत निर्धोकपणे हाताळू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारी विकरे त्याच्याकडे अत्यल्प असतात. रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता नाहीशी होते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी प्रौढ मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. आयब्युप्रोफेन कुत्रा आणि मांजर दोघांनाही वर्ज्य. पुष्पगुच्छांतील लिलीची पाने किंवा परागकण पोटात गेल्यास मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

मांजर आपले दुखणे लपवते. म्हणूनच बोक्यांमधील मूत्रमार्ग बंद होण्याची स्थिती उशिरा लक्षात येते. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो आणि काहीच होत नाही. घरातील मंडळी याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल किंवा तूप पाजतात. प्रत्यक्षात सूक्ष्म खडे किंवा चिकट स्रावाने मार्ग बुजलेला असतो आणि रक्तातील पोटॅशियम वाढत जाते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत हृदय बंद पडू शकते. नळी घालून मार्ग मोकळा करणे हे तातडीचे काम असून ते घरी होण्यासारखे नाही.

मांजरांच्या बाबतीत एक दिलासाही नोंदवण्याजोगा आहे. करोना कुळातील विषाणूमुळे होणारा 'एफआयपी' हा आजार काही वर्षांपूर्वीपर्यंत मृत्यूचेच दुसरे नाव होता. रेमडेसिव्हिरशी जवळचे नाते असलेल्या जीएस-४४१५२४ या औषधाचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर चित्र पालटले. सुमारे बारा आठवड्यांच्या उपचारांनी आता बहुसंख्य मांजरे बरी होतात.

आहाराबाबत मराठी घरांत दूध-पोळी हा जणू कुलाचार आहे. बऱ्याच प्रौढ प्राण्यांना दुधातील शर्करा पचत नाही आणि जुलाब होतात. मांजराच्या बाबतीत प्रश्न अधिक मूलभूत आहे. त्याला लागणारे टॉरिन प्राणिज आहारातूनच मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुर्बल होतात. शाकाहारी कुटुंबाने मांजर पाळण्यापूर्वी या गोष्टीचा विचार करावा. कांदा आणि लसूण कच्चे असोत वा भाजीत शिजलेले, तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना, तर चॉकलेट हृदयाला घातक. दातांवरील कीटण, लठ्ठपणा, कानातील बुरशी आणि पावसाळ्यातील खाज हे नित्याचे प्रकार जिवावर बेतणारे नसले, तरी तपासणीविना स्टेरॉइडचे मलम लावून लांबवण्याजोगेही नाहीत.

निर्बीजीकरण न केलेल्या मादीच्या बाबतीत माज येऊन गेल्यानंतरचे दोन महिने लक्ष ठेवण्याचे असतात. या काळात गर्भाशयात पू साचण्याचा विकार, म्हणजे पायोमेट्रा, उद्भवू शकतो. ती भरपूर पाणी पिते, खात नाही, उलट्या करते. योनिमार्गातून स्राव येत असेल तर निदान लवकर होते. तो मार्ग बंद असेल तर पोट फुगते आणि विष रक्तात भिनते. शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढणे हाच बहुतेक वेळा खात्रीचा उपाय असतो. 'एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत' या समजुतीपायी निर्बीजीकरण पुढे ढकलले जाते. त्या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट, वेळीच केलेल्या शस्त्रक्रियेने पायोमेट्रा टळतो आणि स्तनांच्या गाठींचा धोकाही घटतो.

उन्हाळ्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल होतात. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने ही जात घराघरांत नेली, पण धापा टाकून अंग थंड करण्याची तिची क्षमताच अपुरी आहे. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उष्माघातात ते १०६ च्या वर जाते. अशा वेळी प्रथम अंगावर साधे पाणी ओतून पंखा लावावा आणि मग दवाखान्याकडे निघावे.

वारंवार उलट्या, रक्ताळ जुलाब, लघवी न होणे, झटके, फिकट किंवा निळसर हिरड्या, तोंड उघडून श्वास घेणारे मांजर, ओकारी येऊनही काही न पडणारा फुगलेल्या पोटाचा मोठा कुत्रा, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. जाताना लसीकरणाचे कार्ड सोबत असावे, उलटीचे किंवा विष्ठेचे छायाचित्र चालते, आणि घरी दिलेल्या औषधाचे वेष्टन अवश्य न्यावे. रागावतील या भीतीने अनेक पालक घरी दिलेली गोळी सांगत नाहीत. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे, मात्र तो पहिल्या काही तासांत दिला तरच पुरेसा उपयोगी पडतो, आणि गोळीचे नाव कळल्याशिवाय डॉक्टर तो सुरू करू शकत नाहीत.