चिठ्ठीवरचे नाव

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला न्यू पॅलेस दाखवायचा, ही रीतच आहे. मेजर मँट यांच्या आराखड्याप्रमाणे १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या या राजवाड्यात आज शहाजी छत्रपती म्युझियम आहे. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना घेऊन आम्हीही तिथे जातो. तलवारी, पालख्या, दरबार हॉल हे सारे मुले भराभर पाहतात आणि पेंढा भरलेल्या वाघांपाशी मात्र खिळून उभी राहतात. अशाच एका सहलीत पाचवीतल्या एका मुलाने आम्हांला विचारले, "सर, शेर मारनेवाले का नाम तो सब बोलते. पन इसकू भरे किसने?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. इतिहास शिकवतो, पण हा प्रश्न आमच्या मनात कधी आलाच नव्हता. ही चार पाने त्या मुलाच्या प्रश्नातून आली आहेत.

मेलेले प्राणी जपून ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक शिकारखान्याची. तिच्यात वाघ जबडा पसरून उभा असतो आणि शिकाऱ्याचा पराक्रम सांगतो. दुसरी तऱ्हा अभ्यासाची. तिथे पक्षी लाकडी खणात उताणा निजलेला असतो. आत कापूस, कीड लागू नये म्हणून कातडीला आतून सोमल आणि पायाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी आणि जमा करणाऱ्याचे नाव. दिसायला केविलवाणा असा हा पक्षी शंभर वर्षांनंतरही साक्ष देऊ शकतो.

अशा साक्षीदारांचे आपल्याकडचे मोठे घर म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी ती स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, बाकीचे साहेब. पगारी नोकर यांतला कुणी नव्हता. आपापला धंदा सांभाळून, हौसेने आणलेले जीव एकत्र ठेवायचे, एवढाच उद्देश.

या घराच्या दारात १९०८ च्या सुमारास एक मुस्लिम मुलगा घाबरत घाबरत उभा राहिला. हातात छर्‍याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती, हे घरात कुणाला सांगता येईना. मामा अमीरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखलीच, शिवाय एकेक खण उघडून मुलाला सारा संग्रह दाखवला. पुढे कातडी कशी सोडवायची, चिठ्ठी कशी लिहायची हेही त्याला तिथेच शिकायला मिळाले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली.

सलीम अलींचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण त्यांच्या आयुष्यातला एक भाग आपण मुलांना सांगत नाही. १९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तिथल्या संग्रहालयात प्रो. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येतात तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरीकडेही दार बंद. तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव मांडला, की प्रवासाचा व सामानाचा खर्च तेवढा द्या, पक्ष्यांची पाहणी मी बिनपगारी करतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा पाहण्या त्यातून झाल्या. पत्नी तहमीनाबाई या भटकंतीत त्यांच्या सोबत असत.

दुसरे नाव हुमायून अब्दुलअली यांचे. १९१४ चा जन्म, २००१ साली निधन. हेही व्यापारी घरातले. १९५० नंतर काही वर्षे ते सोसायटीचे मानद सचिव होते. सोसायटीकडे पक्ष्यांचे हजारो नमुने होते, पण नेमके काय आहे याची पूर्ण यादी नव्हती. अब्दुलअलींनी एकेक पक्षी हातात घेऊन, मापून, चिठ्ठी वाचून यादी करायला घेतली. तिचा पहिला भाग १९६८ साली सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि शेवटचे भाग १९९० नंतर. जवळजवळ तीन दशके हा माणूस असे काम करत राहिला, ज्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

त्याचे मोल केव्हा कळते, पाहा. ग्रेट निकोबार बेटावर अब्दुलअलींनी दोन लहान घुबडे जमा केली होती. ती खणात पडून राहिली. १९९८ साली पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिले, की ही जातच नवी आहे. तिला नाव मिळाले 'ओटस एलियस'. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'दुसरा', आणि त्यात अब्दुलअलींच्या नावाचाही इशारा आहे. इतकी वर्षे ते पक्षी वाट पाहू शकले, कारण पायाला खरी चिठ्ठी होती.

आणि चिठ्ठी खोटी असेल तर? रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसले नव्हते. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी मात्र १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण तो मारला, असे चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. रासमुसेनबाईंनी कातडी तयार करण्याची धाटणी तपासली, तेव्हा चोरी उघडी पडली. तो पक्षी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात जमा केलेला, ब्रिटिश म्युझियममधून उचललेला होता. मांडवी सोडून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला.

दीनी तालीम घेतलेल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. रिवायत सांगताना आधी सनद सांगावी लागते, की हे अमक्याने अमक्याकडून ऐकले. मधला एक रावी 'मजहूल' म्हणजे अनोळखी निघाला तरी रिवायत कमजोर ठरते. रावी खोटारडा निघाला, तर ती बाद. त्यासाठी आपल्या बुजुर्गांनी हजारो माणसांची चरित्रे लिहून ठेवली. हदीसशी पक्ष्याच्या कातडीची बरोबरी करण्याची गुस्ताखी आम्हांला करायची नाही. साम्य आहे ते पद्धतीचे. जी कौम सनदीशिवाय बोलणे स्वीकारत नव्हती, तिने स्वतःच्या इतिहासाची चिठ्ठी मात्र लिहिली नाही, हे आम्हांला बोचते.

शाहू महाराजांचे नाव निघाले की आपण १९०६ च्या मुस्लिम बोर्डिंगची आठवण काढतो, ती रास्तच आहे. पण त्याच दरबारात पाळीव चित्तेही होते. काळविटांच्या शिकारीसाठी कोल्हापूर आणि भावनगर ही संस्थाने नावाजलेली. देशी चित्ते विरळ झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाजवळ न्यायचा, नेमक्या क्षणी टोपी काढायची, आणि शिकार झाल्यावर त्याला न दुखावता पुन्हा ताब्यात घ्यायचे. हे सारे चित्तेवानाच्या हाताचे कसब. महाराजांची नावे ग्रंथांत आहेत. चित्तेवानांपैकी एकाचे तरी नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

१९४७ साली कोरिया संस्थानात एका रात्रीत तीन चित्ते मारले गेले. देशातल्या चित्त्याची ती शेवटची पक्की नोंद मानतात. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले गेले. चित्ता परदेशातून आणता आला. त्याला हाताळणाऱ्या आपल्या माणसांची हकिकत मात्र कुठल्या देशातून मागवायची?

सलीम अलींसारखे होणे प्रत्येकाला जमणार नाही. अब्दुलअलींचे काम मात्र थोडेफार कुणालाही करता येते. जे आहे ते हातात घ्यायचे, खरे तेवढे लिहायचे, आणि कुणी सांगितले तेही लिहायचे. शिकारखान्यात, पागेत, हत्तीखान्यात राबलेल्या माणसांची नातवंडे आज आपल्याच मोहल्ल्यांत असतील. त्यांच्या घरातले बुजुर्ग आहेत तोवर विचारले पाहिजे.

त्या सहलीनंतर आम्ही मुलांच्या वहीत चार रकाने आखून दिले. नाव, काम, साल, सांगणारा. चौथा रकाना रिकामा असेल तर पहिले तीन धरायचे नाहीत, हेही बजावले. ज्याने प्रश्न विचारला होता, त्या मुलाने वही दप्तरात ठेवता ठेवता म्हटले, "सर, मैं दादाकू पूछके आतूं."